भोपळ्याला आकार कोणी दिला

ग्रे पॉइंट
३ मार्च १९९१

प्रिय हिल्डा,

परवा फोन केला तेव्हा तू "हो" म्हणालीस, मग "अस्सं" म्हणालीस, आणि मग फोन बंद पडला. लाइन खराब असावी असं धरून चालतो आणि जे सांगायचं होतं ते लिहून कळवतो.

शनिवारी आमच्या भोपळा मंडळाची सभा झाली. सहा जण हजर होते. चिटणीस या नात्याने टिपण मीच घेतलं. एव्हरेटला जाऊन आता चार महिने होतील. सगळ्यांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळली. क्लेटन हेबला मध्येच खोकला आला, तेवढं सोडलं तर शांतता चांगली झाली.

ठराव असा झाला की ऑक्टोबरच्या जत्रेत या वर्षापासून "एव्हरेट कॉर्कम स्मृतिचषक" द्यायचा. वजनासाठी नाही. वजनाचा चषक आहेच, आणि हल्ली वजनात जिंकणारे भोपळे म्हणजे ओल्या पोत्यासारखे जमिनीवर पसरलेले असतात, बघवत नाहीत. हा चषक आकाराचा. माझ्या भावाचे भोपळे असायचे तसा: खांदे वर, पाठ गोल, देठ मधोमध, कुठल्याही बाजूने बघा, सारखाच. पंधरा वर्षं या जिल्ह्यात तसा भोपळा दुसऱ्या कोणाला जमला नाही. बियाणं ओळखावं तर त्यानेच.

आता तुझ्याकडे दोन-तीन कामं. त्याची ती तंबाखूची डबी, ज्यात तो बिया ठेवायचा, ती मंडळाकडे दे. आम्ही बिया सभासदांना वाटू, म्हणजे त्याचा वंश चालू राहील. दुसरं, त्याच्या थडग्याचा दगड अजून व्हायचा आहे. त्यावर एक छोटा भोपळा कोरावा आणि खाली "सुडौल भोपळ्यांचा जनक" असं लिहावं, ही सूचना माझी, आणि ती सगळ्यांना आवडली. तिसरं, जत्रेच्या दिवशी तू नुसता चषक हातात द्यायचास. दोन शब्द मी बोलेन. तुला त्रास नको.

तुझा दीर,
एल्डन


बेकर्स ब्रूक
११ मार्च १९९१

एल्डन,

लाइन चांगली होती. मी फोन आपटला.

यापुढे फोन करू नकोस. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. कागदावर निदान दोघांना सारखी जागा मिळते.

"माझ्या भावाचे भोपळे." हे वाक्य मी ओट्यापाशी उभी राहून तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचलं तेव्हा कॉफी उतू गेली. अरे, तुझा भाऊ शिंपल्यांच्या बोटीवर होता! बारा दिवस समुद्रावर, दोन दिवस घरी. छत्तीस वर्षं. तूच त्याला धक्क्यावर सोडायला जायचास आणि आणायलाही जायचास, मग तुझ्या टाळक्यात हे कसं शिरत नाही? ऑगस्टात भोपळा दिवसाला पंधरा पौंड चढतो. मग ते बारा दिवस तो काय, बोट बंदराला लागेपर्यंत श्वास रोखून बसायचा?

दोन दिवसांतला पहिला दिवस एव्हरेट झोपायचा. दुसऱ्या दिवशी सॉसेज आणि आंबवलेली कोबी खाऊन हात मागे बांधून वेलाभोवती चक्कर मारायचा. फुलांचे दिवस असले तर पहाटे उठून नर फूल तोडायचा आणि मादी फुलाला पराग लावायचा. ते तो छान करायचा, खोटं का बोलू? मग बूट चढवायचा आणि जायचा. बियाणं ओळखणं म्हणतोस ते एवढंच.

बाकी सगळं कोणी केलं असेल रे? किनाऱ्यावरून शेवाळ कोणी आणून कुजवलं? भोपळ्यावर जुनं शीड कोणी ताणलं, उन्हाने साल लवकर कडक होऊन तडकू नये म्हणून? मला वाटतं मंडळाच्या सभेत हा प्रश्न निघाला नसावा. क्लेटनला खोकला आला असेल.

डबी मिळणार नाही. दगडावर भोपळा कोरायचा नाही. आणि तू दोन शब्द बोलत असताना मी हॅट घालून खांबासारखी उभी राहणार नाही.

पण तुला एवढं वाटतंच ना, की सगळं बियाण्यात असतं? मग घे. या पाकिटात डबीतल्या चार बिया आहेत. वर एव्हरेटच्याच हातचं लिहिलेलं आहे: ४०६ कॉर्कम ८८. चारशे सहा पौंड, अठ्ठ्याऐंशी साल, तुमचं आडनाव. याच बियाण्याचे ते तुझे सुडौल भोपळे. लाव तुझ्या वाडीत. त्यातला एक जरी भोपळा तसा झाला, तर मी जत्रेला येईन, नवी हॅट घालून येईन, आणि हसत हसत चषक देईन. नाही झाला, तर चषकावर माझं नाव घालायचं. लेखी कळव.

हिल्डा


ग्रे पॉइंट
२० मार्च १९९१

हिल्डा,

लेखी कळवतो. पैज मंजूर.

तू दुःखात आहेस म्हणून मी बऱ्याच गोष्टी सोडून देतो. पण मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये. पाणी तू घालायचीस हे कोणी नाकारलेलं नाही. पाणी घालणं वेगळं, भोपळा घडवणं वेगळं. आकार येतो तो आईबापांकडून, म्हणजे कुठल्या वेलाच्या फुलाला कुठल्या वेलाचा पराग लावला त्यावरून. हे मंडळाच्या पत्रकात छापलेलं आहे. तुला एक प्रत पाठवली होती.

शिवाय चषकावरची अक्षरं कोरायला गेलेली आहेत.

एल्डन


ग्रे पॉइंट
१७ जुलै १९९१

प्रिय हिल्डा,

तुझी तब्येत ठीक असेल. इकडे धुकं फार आहे. वाटाणे बरे आले.

मंडळाच्या माहितीसाठी एक विचारायचं होतं. माझ्या वैयक्तिक उपयोगासाठी नाही.

समजा एखाद्याने चार बिया लावल्या. एक उगवलीच नाही. तीन वेल झाले. त्याने सगळं पत्रकाप्रमाणे केलं, पराग स्वतः लावला, फूल आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधून ठेवलं होतं, मधमाशी आत जाऊ नये म्हणून. फळ धरलं. आता पहिल्या वेलावरचं फळ एका अंगावर कलंडलं आहे आणि एका बाजूने कानासारखं फुगलं आहे. दुसरं खालून इतकं चपटं होत चाललंय की पोळीच्या वाटेवर आहे. तिसरं दिसायला बरं आहे, अगदी बरं आहे, पण त्याचा खांदा स्वतःच्याच वेलाला ढकलतो आहे. देठ ताणला गेला आहे. रोज सकाळी त्या माणसाला वाटतं की आज तुटणार.

बियाणं तर तेच आहे. मग असं का होत असावं?

त्या तिसऱ्यावर त्या माणसाचा जीव जडला आहे. तो तिथे खुर्ची टाकून बसतो. बायको असती तर हसली असती.

एल्डन


बेकर्स ब्रूक
२१ जुलै १९९१

एल्डन,

त्या माणसाला माझा नमस्कार सांग. त्याचं पत्र वाचून मी इतकी हसले की कोंबड्या पळाल्या.

सांगते. मंडळाच्या माहितीसाठी.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली आमचा पहिला मोठा भोपळा असाच स्वतःच्या वेलावरून सुटला. खांदा वाढला, वेल मागे सरकेना, देठ उपटला गेला. वेल का सरकत नाही? तर पानाच्या प्रत्येक गाठीखालून तो जमिनीत मुळं सोडतो. दोराने बांधल्यासारखा बसतो. एव्हरेट समुद्रावर होता. मी तो भोपळा मांडीवर घेऊन बसले आणि रडले, आणि तो आल्यावर म्हणाला, "बियाणंच कच्चं होतं." मी म्हटलं, बरं.

पुढच्या वर्षी मी शिकले. फळाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन हात वेलाखालची मुळं सोडवून टाक. मग वेल सुटा होतो, त्याला हळूच मागे घेता येतं. फळाखाली कोरडी वाळू पसर, वर जुन्या फळ्या. भोपळा वाढताना खालून सरकता राहिला पाहिजे, मातीत रुतला की चपटा होतो. पाणी रोज सारखं घाल. चार दिवस विसरायचं आणि पाचव्या दिवशी बादल्या ओतायच्या, असं केलं की कान फुटतात. पहिल्याचं तू तसंच केलंस, मला माहीत आहे. वाटाण्यांकडे लक्ष होतं तुझं.

आणि वळवायचा. देठ वेलाशी काटकोनात यायला हवा. फळ दोन्ही हातांत धरून रोज दोन बोटं, जास्त नाही. पंधरा-वीस दिवसांत वळतो. लहान असतानाच. नंतर देव आला तरी हलत नाही.

पंधरा उन्हाळे मी हे केलं. बी अर्धं सांगतं एल्डन, बाकीचं अर्धं हात सांगतात. एव्हरेट परत यायचा, बघायचा, म्हणायचा, "बियाणं!" आणि मी आत जाऊन हसायची. त्याला मी कधी सांगितलंच नाही. आधी गंमत म्हणून, मग तो इतका खूश असायचा म्हणून, आणि मग फार वर्षं झाली होती म्हणून. त्याला माहीत नव्हतं. त्याची चूक नाही. तुमची आहे, तुम्ही सगळे इथे जमिनीवर होतात आणि कुंपणावरून मला ओणवी बघत होतात.

त्या माणसाला एवढं पुरे.

हिल्डा


ग्रे पॉइंट
३० जुलै १९९१

हिल्डा,

तुटला.

तू सांगितलंस ते सगळं मी केलं. गुडघे दुखत असताना मुळं सोडवली. वाळू समुद्रावरून आणली, धुऊन घेतली, मीठ नको म्हणून. फळ्या माझ्या जुन्या होडीच्या. आणि रोज दोन बोटं वळवला. पहाटे साडेपाचला, चहाच्या आधी, हात स्वच्छ धुऊन. सात दिवस नीट गेले. आज आठव्या दिवशी टाचेखाली गाजर मोडावं तसा आवाज झाला. एवढाच. देठ माझ्या हातात आणि तो फळीवर. एक्केचाळीस पौंड. काय सुंदर होता ग. तसाच होता, अगदी तसाच.

मी तो पायरीवर ठेवला आणि रस्त्यापलीकडच्या ॲडा वेंट्झेलकडे गेलो. ती मंडळात नाही, ती फक्त जनावरांपुरते भोपळे लावते. तिने देठ हातात घेतला आणि विचारलं, "किती वाजता वळवलास?" मी सांगितलं. तिने देठ माझ्या हातात परत ठेवला. म्हणाली, "पहाटे? रात्रभर पाणी पिऊन देठ काचेसारखा टणक असतो तेव्हा? एल्डन, दुपारी रे. ऊन खाऊन मऊ पडल्यावर. हे तर शेंबड्या पोरांनाही माहीत असतं."

तुला माहीत होतं. तू मुळं लिहिलीस, वाळू लिहिलीस, फळ्या लिहिल्यास, बोटं मोजून लिहिलीस. वेळ तेवढी लिहिली नाहीस. विसरलीस असं म्हणू नकोस. तू काही विसरत नाहीस.

तर मग मीही आता काही राखून ठेवत नाही. एव्हरेटला माहीत होतं.

त्र्याऐंशी सालचा सप्टेंबर. मी त्याला धक्क्यावर सोडायला गेलो होतो. मी म्हटलं, या वर्षीचा तर नुसता बघत राहावा असा झालाय, तुझं बियाणं म्हणजे बियाणं आहे. त्याने पिशवी खाली ठेवली. म्हणाला, "मी बारा दिवसांनी येतो तेव्हा भोपळा वळलेला असतो. देठ सरळ, खांदे वर. हिल्डा काहीतरी करते. काय करते ते मी विचारत नाही. विचारलं तर कबूल करावं लागेल." मग तो हसला, बोटीत चढला, आणि वरून ओरडला, "बोलू नकोस कोणाला!" मी आठ वर्षं बोललो नाही.

म्हणजे मार्चमध्ये मी तुला जे लिहिलं, ते लिहिताना मला हे ठाऊक होतं. आता तुला काय वाटायचं ते वाटू दे.

एल्डन


बेकर्स ब्रूक
१ सप्टेंबर १९९१

एल्डन,

तुझ्या पत्राला महिना झाला. या महिन्यात मी तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही चुलीत घातली. पहिल्यात नुसत्या शिव्या होत्या. दुसऱ्यात मी रडले होते, ते तुला दाखवायचं नव्हतं. तिसऱ्यात मी तुला खोटं ठरवलं होतं. पण "विचारलं तर कबूल करावं लागेल" हे वाक्य तुला सुचण्यासारखं नाही. ते त्याचंच आहे. अगदी त्याच्या आवाजात ऐकू येतं.

वेळेचं आधी. हो, मी मुद्दाम लिहिली नाही. "दुपारी तीननंतर" एवढं लिहायचं बाकी होतं, पेन हातात होतं, आणि मला तुझी ती "पाणी घालणं वेगळं" ही ओळ आठवली. मी पाकीट चिकटवून टाकलं. त्या भोपळ्याची मी माफी मागते. तुझी मागत नाही.

आता एव्हरेट. मला वाटायचं मी त्याला फसवते आहे. पंधरा वर्षं मला त्याची थोडी कीव यायची, कसा भोळा आहे म्हणून! मी आत जाऊन हसायची, आणि बाहेर तो आपल्या मनाशी हसत असायचा. जत्रेत वजनकाट्याशेजारी तो टोपी काढून उभा राहायचा, लोक त्याच्या पाठीवर थापा मारायचे, आणि मी मागे गाडीतल्या गोणपाटांच्या घड्या करत असायची. त्याने एकदा वळून बघितलं असतं ना, तर मी तेवढ्यावर निभावून नेलं असतं. तो वळला नाही कारण त्याला माहीत होतं मी कुठे आहे.

छत्तीस वर्षांच्या संसारात मला त्याचा इतका राग कधी आला नव्हता, आणि आता आला तर तो सापडत नाही. खुंटीवरची त्याची टोपी काढली आणि मळ्यातल्या बुजगावण्याच्या डोक्यावर घातली. कावळे तिला भीत नाहीत.

तुझ्यासाठी एक बातमी. या वर्षी मीही एक वेल लावला आहे. पराग मीच लावला, पहाटे, त्याच वेलाचा त्याच वेलाला. ते कामही तसं अवघड नाही असं दिसून आलं. भोपळा तीनशे पौंडांच्या पुढे गेला आहे आणि खांदे वर आहेत. मी तो जत्रेत आणणार. नावाच्या चिठ्ठीवर माझं नाव असेल. कॉर्कम नाही, कारण कॉर्कम लिहिलं की तुम्ही सगळे त्यालाच टाळ्या वाजवाल. माझ्या बापाचं आडनाव मॉसमन होतं.

पैज तू हरलास. चषकावरचं नाव बदल.

हिल्डा


बेकर्स ब्रूक
७ ऑक्टोबर १९९१

एल्डन,

परवा शनिवारी तू तिथेच होतास. तरी लिहिते, कारण तुझ्या टिपणात हे येणार नाही.

चारशे अडतीस पौंड. परीक्षकांनी दोनदा फेरी मारली. क्लेटन हेबने खिशातून गवंड्याची पाणसळ काढून भोपळ्याच्या डोक्यावर ठेवली, आणि बुडबुडा मधोमध थांबला तसे लोक हसले. आकाराचा पहिला नंबर. इथवर ठीक.

मग क्लेटनने माझी चिठ्ठी वाचली, "हिल्डा मॉसमन? ही कोण?" म्हणाला. मी त्याच्यापासून तीन फुटांवर उभी होते. त्याच्या लग्नात केक मी केला होता! त्याने खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: मिसेस एव्हरेट कॉर्कम. म्हणजे माझ्या भोपळ्याखाली माझं एकही अक्षर नाही.

मी तुझ्याकडे बघितलं. तू चिटणीस आहेस. तुला सगळं माहीत होतं, आठ वर्षं माहीत होतं. तुझ्या हातात माइक होता. आणि तू खिशातून घडी घातलेला कागद काढलास आणि वाचलंस, "माझा भाऊ बियाणं ओळखायचा." सगळं वाचलंस. शेवटपर्यंत. मध्ये एकदा मान वर केलीस, मी दिसले, आणि परत खाली बघून पुढची ओळ वाचलीस.

चषकावर त्याचंच नाव होतं. म्हणून मी तो वजनकाट्यावर ठेवला आणि निघाले. माझा भोपळा गाडीत चढवायला चार अनोळखी माणसं धावली, मंडळातला एकही नाही. चषकाचं वजन किती भरलं ते कळवू नकोस.

तुझा भोपळा मोडला तेव्हा मला वाटलं होतं, आता हा माणूस मला थोडा कळेल. हात लावून वाढवलेलं हातातच तुटलं म्हणजे कसं होतं, हे तुला कळलं होतं ना? मग?

हिल्डा


ग्रे पॉइंट
२० ऑक्टोबर १९९१

हिल्डा,

लिहिलेलं वाचणं सोपं असतं. याहून चांगलं उत्तर मी दोन आठवडे शोधतो आहे आणि ते सापडत नाही. माझ्यात हिंमत नव्हती. समोर सगळं गाव होतं, आणि मला वाटलं, मी खरं बोललो तर एव्हरेट दुसऱ्यांदा मरेल, आणि या वेळी माझ्या हातून.

काल मी जादा सभा बोलावली. धक्क्यावरची गोष्ट सांगितली. शब्दाला शब्द. क्लेटन म्हणाला, "हे टिपणात लिहू नकोस एल्डन, मेलेल्याची अब्रू आहे." मी म्हटलं, "जिवंत बाईची?" तो म्हणाला, "ती कॉर्कमच ना शेवटी?" मी लिहून घेतलं. हेही लिहून घेतलं. मग तो निघून गेला, त्याच्यामागे आणखी दोघे गेले, आणि उरलेल्या तिघांनी ठराव केला की फळ्यावर लिहिलेलं चूक होतं आणि नोंदवहीत हिल्डा मॉसमन असंच राहील. तिघांत मीही होतो, हे सांगायला नको.

चषकावरची पितळी पट्टी मी स्क्रू काढून सोडवली. चषक या खोक्यात आहे. नवी पट्टी कोरी लावली आहे. तिच्यावर काय लिहायचं ते मी ठरवणार नाही. मी ठरवलेलं आजवर काही बरोबर आलेलं नाही.

पण ती पहाट मी विसरलेलो नाही. तो एक्केचाळीस पौंडांचा होता आणि त्याची काही चूक नव्हती. रागवायचं तर माझ्यावर रागवायचं होतंस.

एल्डन

ता. क. दगडवाला विचारतो आहे की दगडावर काय घालायचं. जमीन गोठायच्या आत बसवायला हवा.


बेकर्स ब्रूक
३ नोव्हेंबर १९९१

एल्डन,

तू टिपणात लिहिलंस ते मी वाचलं. ॲडा वेंट्झेलने नक्कल करून पाठवली. तिचं अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं आहे, तिला चिटणीस करा.

चषक परत पाठवते आहे. मला तो कधीच नको होता, धूळ पुसायला घरात बरंच आहे. कोऱ्या पट्टीवर "सुडौल भोपळा" एवढंच घाला आणि दर वर्षी ज्याचा असेल त्याला द्या. त्याच्या बायकोचा असेल तर तिला द्या.

भोपळा मी गुरुवारी अंगणात करवतीने कापला. इतका डौल स्वतःच्या हाताने कापताना वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. आतून तीनशे बारा बिया निघाल्या, धुऊन खिडकीच्या जाळीवर वाळवल्या. त्यातल्या चार तुला. पाकिटावर लिहिलंय ते नोंदवहीत तसंच्या तसं चढव: ४३८ मॉसमन ९१. डबीही सोबत पाठवते आहे, तिच्यातलं जुनं बियाणं हवं त्याला वाट, पण या पाकिटावरचं एक अक्षर बदललंस तर मी स्वतः येऊन उपटून नेईन.

देठ दुपारी तीननंतर वळवायचा. ऊन असेल त्याच दिवशी. ढगाळ असेल तर हातही लावायचा नाही. हे मी तुला जुलैत सांगायला हवं होतं. त्या एक्केचाळीस पौंडांबद्दल तू म्हणतोस ते खरं आहे, आणि हे लिहायला मला तीन महिने लागले.

तुझ्यावरचा राग कमी झाला आहे, संपलेला नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी येईन आणि तू वळवताना कुंपणावर कोपरं टेकून बघत उभी राहीन, बघ कसं वाटतं ते. एव्हरेटवरचा राग मात्र तसाच आहे. भांडायला तो समोर नाही, आणि तो समोर नसणं मला नवीन नाही.

दगडवाल्याला मी कळवलं आहे. भोपळा नाही, जनक नाही. त्याचं नाव, दोन सालं आणि खाली एक ओळ. खोटं एक अक्षर नको म्हणून खूप विचार करून लिहिली:

तो समुद्रावर होता.

हिल्डा मॉसमन